कॅल्क्युलस झालं, आता पुढे काय?

प्रश्न : मी एफवायला आहे, कॅल्क्युलस बऱ्यापैकी जमलंय. सुट्टीत पुढचं काय वाचू? मित्र म्हणतो डिफरन्शियल इक्वेशन्स, ताई म्हणते लिनियर अल्जिब्रा. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : ताईचं ऐक. लिनियर अल्जिब्रा (व्हेक्टर आणि मॅट्रिक्सचं गणित) शिकायला कॅल्क्युलस जवळजवळ लागतच नाही, पण पुढे जिकडे जाशील तिकडे तेच भेटतं, जास्त व्हेरिएबलचं कॅल्क्युलस घेतलंस तर तिथे डेरिव्हेटिव्ह म्हणजे एक मॅट्रिक्सच, आणि मित्राच्या त्या डिफरन्शियल इक्वेशन्सची (म्हणजे डेरिव्हेटिव्ह असलेल्या समीकरणांची) सिस्टिम सोडवायची तरी आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्स काही खास व्हेक्टरना त्यांच्याच रेषेत किती पट ताणतं ते आकडे) काढाव्या लागतात, गूगलचं पेजरँक (वेबपेजना क्रम लावायची पद्धत) पण मुळात असा एक खास व्हेक्टर, म्हणजे आयगेनव्हेक्टरच की. फक्त डिटरमिनंटची आकडेमोड करत बसू नकोस, बेसिस (ज्यांच्यापासून बाकी सगळे व्हेक्टर बनतात ते मोजके व्हेक्टर) आणि लिनियर मॅप (बेरीज आणि पट जपणारं फंक्शन) नीट समजून घे. फिजिक्सकडे जायचं असेल तर मात्र मित्राचं बरोबर.

आणि सोबत प्रूफ (सिद्धता) लिहायला शीक बाबा, नाहीतर पुढे कॅल्क्युलस सिद्धतेसकट शिकवणाऱ्या रिअल अ‍ॅनालिसिसमधे एप्सिलॉन-डेल्टा (लिमिटची काटेकोर व्याख्या) आले की भलेभले गारद होतात (मीही झालो होतो). दोनचं वर्गमूळ अपरिमेय का, प्राइम नंबर अनंत का, हे स्वतः लिहून बघ. एरंडवण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, गणिती श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलेली गणिताचीच संस्था, कोथरूडहून काही लांब नाही, एकदा चक्कर मार.