कळलावीची लागवड, निगा आणि तिच्या कंदाविषयीची सावधगिरी

कळलावीविषयी पुण्यातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. लागवडीचा काळ मे महिन्याच्या उत्तरार्धात सुरू होत असल्यामुळे ही माहिती पावसाळ्यापूर्वी वाचकांच्या हाती पडावी, असा हेतू आहे.

प्रश्न : गेल्या ऑगस्टमध्ये रोपवाटिकेतून फुलांवर आलेली कळलावीची कुंडी आणली होती. ऑक्टोबरच्या अखेरीस पाने पिवळी पडली आणि वेल वाळली. ती पुन्हा फुटेल या आशेने मी रोज पाणी देत राहिले. परंतु फेब्रुवारीत माती उकरून पाहिली, तेव्हा आतला कंद मऊ पडून कुजला होता. आता ओळखीच्यांकडून दोन नवे कंद मिळाले आहेत. त्यांची लागवड आणि पुढची निगा कशी करावी?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : वेल वाळली, हा रोग नव्हता. कळलावी दरवर्षी जमिनीवरचा आपला सगळा भाग टाकून देते आणि पुढचा पाऊस येईपर्यंत केवळ कंदाच्या रूपाने जमिनीखाली राहते. या काळात तिला मुळे किंवा पाने नसल्यामुळे दिलेले पाणी ती वापरू शकत नाही. ते मातीत साचून राहते आणि कंद कुजतो. पुण्यातील घरांतून ही वेल नाहीशी होते ती बहुधा याच कारणाने, म्हणजे हौसेने दिलेल्या पाण्याने. फुले असताना तिची जेवढी काळजी घेतली जाते, त्यापेक्षा अधिक काळजी कुंडी रिकामी दिसते त्या सहा-सात महिन्यांत घ्यावी लागते, हे सुरुवातीलाच लक्षात घेतलेले बरे.

मिळालेले कंद प्रथम नीट पाहावेत. कळलावीचा कंद सहसा दोन फाट्यांचा असतो आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाशी एकच डोळा असतो. बटाट्याप्रमाणे कंदावर जागोजागी डोळे नसल्यामुळे टोक मोडले की तो फाटा वाया जातो, आणि दुर्दैवाने हे टोक फार ठिसूळ असते. म्हणून कंद हाताळताना, विशेषतः मे महिन्यात डोळा फुगू लागल्यावर, तो मधल्या भागी धरून उचलावा. दोन फाटे सांध्याशी वेगळे करून दोन रोपे करता येतात. तसे केल्यास कापलेली बाजू दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावी. हातमोजे घालूनच हे काम करावे. त्याचे कारण तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात येईल.

कुंडी बारा इंच व्यासाची आणि तितकीच खोल असावी. निव्वळ काळी माती वापरू नये, कारण पावसाळ्यात ती चिकट होऊन पाणी धरून ठेवते. पोयट्याची किंवा तांबडी माती, जाडसर वाळू आणि चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत ही समप्रमाणात घेतल्यास निचरा पुरेसा होतो. कंद मातीत आडवा ठेवून त्यावर दोन ते तीन इंच माती लोटावी आणि डोळ्याची दिशा बाहेरून कळेल अशी खूण करून ठेवावी, म्हणजे आधाराची काठी रोवताना ती नेमकी डोळ्यावर जाणार नाही. लागवडीनंतर एकदा पाणी द्यावे आणि अंकुर दिसेपर्यंत माती जेमतेम ओलसर ठेवावी. अंकुर यायला साधारणपणे तीन-चार आठवडे लागतात. एखादा कंद मात्र पूर्ण वर्षभर काहीही न करता पडून राहतो आणि पुढच्या जूनमध्ये फुटतो. तो घट्ट असेल, तर फेकून देण्याची घाई करू नये.

अंकुर वर आल्यावर वाढ झपाट्याने होते. या वेलीच्या पानाचे टोक लांबत जाऊन कुरळे होते आणि त्यानेच ती आधाराला विळखा घालते. जाड लोखंडी नळीला किंवा भिंतीला तिला धरता येत नाही. बारीक तार, सुतळी, बांबूच्या कामट्या किंवा शेजारचे झुडूप हाच तिला योग्य आधार होय. सहा ते आठ फुटांपर्यंत ती सहज चढते. खोड नाजूक असल्यामुळे आधार अंकुर वीतभर होण्यापूर्वीच द्यावा, कारण गच्चीवरच्या वाऱ्यात ते एकदा वाकले की बुडाशी तुटते आणि मग त्या वर्षी दुसरा फुटवा येण्याची आशा नसते. सकाळचे चार-पाच तास ऊन मिळाले, तर फुले चांगली येतात. शेणखत किंवा गांडूळखत महिन्यातून एकदा मूठभर पुरते. युरियासारखी नत्रयुक्त खते दिल्यास पानेच माजतात. पावसाची झड लागली असेल, तेव्हा कुंडीखालची ताटली काढून ठेवावी. जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत फुले येतात. कळी उघडते तेव्हा पाकळ्या हिरवट-पिवळ्या असतात आणि पुढच्या काही दिवसांत त्या केशरी व शेवटी गडद लाल होतात, त्यामुळे एकाच वेलीवर एकाच वेळी तिन्ही रंग दिसतात.

पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करत जावे आणि वेल पूर्ण वाळल्यावर ते थांबवावे. हिरवी वेल मात्र कापू नये. त्याच आठवड्यांत तिचे अन्न खाली उतरून नवा कंद भरत असतो आणि जुना सुकून जातो. त्यानंतर कुंडी अवकाळी पाऊस लागणार नाही अशा कोरड्या, सावलीच्या जागी ठेवावी. गच्चीवरच्या कुंडीतील माती एप्रिलमध्ये अतिशय तापते, म्हणून जिन्याखालची जागा उत्तम. कंद काढूनच ठेवायचे असतील, तर कोरड्या वाळूत पुरून त्या डब्यावर ठळक अक्षरांत ‘विषारी’ असे लिहावे आणि तो डबा स्वयंपाकघरात कधीही ठेवू नये.

प्रश्न : सिंहगडाच्या वाटेवर पावसाळ्यात कळलावी फुललेली दिसते. रोपवाटिकेत मात्र ‘आफ्रिकन’ म्हणून मोठ्या लाल फुलांची वेल महाग मिळते. या दोन वेगळ्या वनस्पती आहेत का? गडावरचा एखादा कंद आणून लावला तर चालेल का?
— एक वाचक, धायरी

उत्तर : दोन्ही एकाच जातीच्या आहेत. ग्लोरिओसा सुपर्बा ही उष्ण कटिबंधीय आफ्रिकेपासून भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशियापर्यंत नैसर्गिकरीत्या वाढणारी वेल आहे. झिम्बाब्वेचे ते राष्ट्रीय फूल आहे, तर आपल्याकडे तामिळनाडूने त्याला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथ यांना एकविसाव्या वाढदिवसानिमित्त तेव्हाच्या दक्षिण ऱ्होडेशियातील मुलांनी जो हिऱ्यांचा ब्रोच भेट दिला, तो याच फुलाच्या आकाराचा होता. रोपवाटिकेत मिळणारी वेल बहुधा ‘रॉथशिल्डियाना’ हा पूर्व आफ्रिकेतील वेलींपासून आलेला प्रकार असतो. त्याच्या पाकळ्या अधिक रुंद, कमी कुरळ्या आणि किरमिजी रंगाच्या असून बुडाशी पिवळ्या असतात. निगा दोन्हींची सारखीच. आणि आमचे मत विचाराल, तर सह्याद्रीतल्या फुलाच्या नागमोडी कडा अधिक देखण्या आहेत.

गडावरचा कंद आणू नये. राखीव वनातून परवानगीशिवाय वनोपज काढण्यास भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार मनाई आहे. शिवाय उन्हाळ्यात घट्ट झालेल्या मुरमातून खणताना डोळा मोडतोच, म्हणजे गडावरची वेल जाते आणि घरीही काही उगवत नाही. औषधासाठी होणाऱ्या खुदाईमुळे अनेक भागांत ही वनस्पती आधीच विरळ झाली आहे. लागवडीतले कंद मिळत असताना हे करण्याचे कारण उरत नाही.

प्रश्न : वडिलांच्या पायाच्या अंगठ्याचा सांधा वारंवार सुजतो. डॉक्टरांनी गाऊटचे निदान करून कोल्चिसीनच्या गोळ्या दिल्या आहेत. हे औषध कळलावीत असते असे समजले, आणि आमच्या गच्चीत ती वेल आहे. कंदाचा काढा अल्प प्रमाणात दिला किंवा कंद उगाळून लावला तर गोळ्या टाळता येतील का? आई मात्र म्हणते की, ही वेल घरात असली की भांडणे होतात, म्हणून ती काढूनच टाकावी.
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : काढा देऊ नये, अल्प प्रमाणातही नाही. उगाळून लावणेही टाळावे.

कोल्चिसीन हे द्रव्य १८२० मध्ये पेलेतिये आणि कावाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी कोल्चिकम या युरोपीय वनस्पतीतून प्रथम वेगळे केले. कळलावी त्याच कुळातली असून तिच्या कंदात, बियांत आणि इतर सर्व भागांतही ते असते. ते पेशीतील ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटते. त्यामुळे सुजेच्या जागी धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते आणि गाऊटचा ठणका उतरतो. परंतु पेशींचे विभाजनही याच प्रथिनावर अवलंबून असल्यामुळे मात्रा जरा वाढली, की ज्या पेशी सतत नव्याने तयार होत असतात त्यांनाच पहिला तडाखा बसतो: आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळे. म्हणूनच या विषबाधेत काही तासांत तीव्र उलट्या व जुलाब सुरू होतात, पुढच्या एक-दोन दिवसांत रक्तपेशी, मूत्रपिंड आणि हृदय यांच्यावर परिणाम दिसू लागतो, आणि जो रुग्ण वाचतो त्याचे केस दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास गळतात. यावर सहज उपलब्ध असा उतारा नाही.

औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या गोळीत सामान्यतः ०.५ मिलीग्रॅम औषध असते आणि तेही रुग्णाची मूत्रपिंडे पाहून, शिवाय क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविके सोबत चालू नाहीत ना याची खात्री करून द्यावे लागते. कंदातील प्रमाण मात्र जागेनुसार आणि वेलीच्या वयानुसार बदलते. ते उगाळून किंवा उकळून ठरवता येत नाही. आयुर्वेदातही लांगली या नावाने तिची गणना उपविषांत केली असून गोमूत्रात शोधन केल्याशिवाय ती वापरू नये असे सांगितले आहे. शास्त्राने विष म्हणून सांगितलेली वस्तू ‘झाडपाल्याचे निरुपद्रवी औषध’ म्हणून घरी वापरणे हे ना आयुर्वेदाला धरून आहे, ना आधुनिक वैद्यकाला. तामिळनाडूतील शेतकरी कळलावीची शेती करतात ती प्रामुख्याने बियांसाठी. त्या बिया कारखान्यात जातात आणि तेथे शुद्ध केलेले द्रव्य मोजून गोळीत येते. वडिलांची गोळी चालू ठेवावी आणि तक्रार असेल तर डॉक्टरांनाच विचारावे.

भांडणांविषयी आईंची समजूत काढता येईल. पण घरात रांगते मूल, सगळे तोंडात घालणारे कुत्रे किंवा विस्मरणाचा त्रास असलेली व्यक्ती असेल, तर वेल काढून टाकण्याचा त्यांचा सल्ला योग्यच आहे. सोललेला कंद रताळ्यासारखा दिसतो आणि तसा समजून खाल्ल्याने मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. चुकून पोटात गेल्याची शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णाला लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि वेलीचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्यावा.

प्रश्न : पावसाळ्यात कळलावीवर काळ्या, पांढऱ्या-लाल ठिपक्यांच्या अळ्या आल्या आणि दोन दिवसांत पाने संपली. शेजारच्या लिलीवरही त्याच होत्या. त्यातून वाचलेल्या वेलीला भरपूर फुले आली, तरी एकही शेंग धरली नाही. असे का?
— एक वाचक, औंध

उत्तर : ही पॉलिटेला ग्लोरिओसे या पतंगाची अळी आहे. कळलावी, लिली आणि त्यांच्यासारख्या कंदवर्गीय झाडांवर ती पावसाळ्यात हमखास येते. जून-जुलैत पानांची मागची बाजू दिवसाआड पाहावी, अंड्यांचे पुंजके असलेले पान तोडावे आणि अळ्या चिमट्याने वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. कुंड्या थोड्या असतील, तर एवढे पुरते. प्रादुर्भाव वाढल्यास पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा. अळी मातीत जाऊन कोष करते, त्यामुळे लिलीच्या कुंडीतील वरची माती हलवून घेणेही उपयोगी पडते.

शेंगा न धरण्याचे कारण फुलाच्या रचनेत आहे. कुक्षीवृंत बुडाशीच काटकोनात वळून बाहेर जातो आणि पुंकेसरही दूर पसरलेले असतात, त्यामुळे परागकण आपोआप कुक्षीपर्यंत पोहोचत नाहीत. रानात हे काम फुलपाखरे आणि शिंजीर करतात. शेतात ते मजुरांकडून हाताने करून घेतले जाते. सकाळी मऊ ब्रशने एका वेलीवरचे परागकण दुसऱ्या वेलीवरच्या नुकत्या उमललेल्या फुलाच्या कुक्षीला लावावेत. वेल एकच असेल, तर यश कमी येते. शेंग सुकून उकलली, की आत शेंदरी-लाल बिया दिसतात. बियांपासून केलेल्या रोपाला फूल येण्यास तीन-चार वर्षे लागतात, तेव्हा तेवढा धीर नसेल किंवा घरात लहान मुले येत-जात असतील, तर शेंगा हिरव्या असतानाच हातमोजे घालून काढून टाकाव्यात, म्हणजे वेलीची ताकद कंदाकडे जाईल.