सातपूरच्या प्लॉटवर जेसीबी लावण्याआधी

प्रिय,

नाशिकच्या सातपूरमधला, बंद पडलेल्या प्लेटिंग (धातूला क्रोम-झिंकचा मुलामा देणाऱ्या) कारखान्याचा प्लॉट तुझ्याकडे साफ करायला आलाय आणि मालकाला वरची फूटभर माती उचलून मोकळं व्हायचंय. ते होऊ देऊ नकोस.

आधी क्रोमची टाकी, झिंकची टाकी, धुण्याची नाली आणि गाळ टाकायची जागा नकाशावर आण. जुन्या कामगारांना गाठ, कागदांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. भिंतीच्या बुडाशी पिवळे खार फुटलेले दिसले, तर ते हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूपच समज आणि हातमोज्यांशिवाय हात लावू नकोस.

‘काळी माती चिकण आहे, खाली काही झिरपत नाही’ असं तुला सांगतील. शिसं, निकेल ती बऱ्यापैकी धरते. पण हे क्रोमियम पाण्यात ऋणभारित असतं आणि चिकणमातीच्या कणांवरही ऋणभारच, म्हणून ते पाण्याबरोबर सरळ निघून जातं. त्यात उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी त्यांतून मुरमात आणि पुढे बेसॉल्टच्या फटींत उतरतं. म्हणून प्रत्येक खड्डा मुरूम लागेपर्यंत घे आणि दर अर्ध्या मीटरचा नमुना वेगळा ठेव. नमुने एकत्र कालवलेस की विषारी जागा सरासरीत लपते.

प्रयोगशाळेकडून एकूण आणि हेक्झाव्हॅलंट असे दोन्ही आकडे माग, कारण बेसॉल्टच्या मातीत क्रोमियम मुळातच असतं. तुलनेला जवळच्या स्वच्छ शेतातली माती घे. विहिरीचं पाणी बर्फात ठेवून 24 तासांत पोहोचव. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे.

उपचाराला हिराकस (फेरस सल्फेट), त्याने हे क्रोमियम कमी घातक रूपात बदलतं. हिशेबाने 1 ग्रॅम हेक्झाव्हॅलंट क्रोमियमला साधारण 16 ग्रॅम लागतं, प्रत्यक्षात जास्तच, म्हणून आधी बादलीभर मातीवर करून बघ. पण त्याआधी सायनाइड तपासलंच पाहिजे. झिंकच्या टाकीत ते सर्रास असायचं, आणि हिराकसाचं पाणी आम्लधर्मी असल्याने त्यातून प्राणघातक वायू सुटू शकतो.

काम फसतं ते ढेकळांमुळे. बाहेरचा थर सुधारतो, आतला तसाच राहतो, अहवाल चांगला येतो आणि पावसाळ्यानंतर आकडा पुन्हा चढतो. ढेकळं फोडून ओल्या मातीतच कालव आणि एक पावसाळा गेल्यावर फेरतपासणी कर.

जी माती उचलावीच लागेल, ती घातक कचरा म्हणून पुण्याजवळच्या रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पात, मॅनिफेस्टसह (कचरा कुठून कुठे गेला याचा नोंदीचा कागद). गाडीवाला अर्ध्या पैशांत खाणीत टाकून देतो म्हणेल, त्याला फाटकातूनच परत पाठव.

पुढे तिथे काँक्रीटच्या फरशीचं गोदाम चालेल. घरं किंवा भाजीपाला नको. जुना बोअर मातीने बुजवू नकोस. तळापासून सिमेंट-बेंटोनाइटचं (बेंटोनाइट म्हणजे फुगणारी चिकणमाती) ग्राउट, म्हणजे पातळ गिलावा भर, नाहीतर वरचं पाणी त्याच वाटेने खाली जाईल.