लिनक्स ड्रायव्हरमधील पॅकेटांची रांग रिकामी दिसते, तरी मेमरी का वाढत राहते?

आपला प्रश्न असा आहे की, नेटवर्क इंटरफेस बंद करून पुन्हा चालू केला की दर खेपेस थोडी मेमरी अडकून राहते, पण ड्रायव्हरमधील रांगेची लांबी मात्र शून्यच दिसते. आपल्या कोडमध्ये एसकेबी_क्यू_हेड_इनिट हे रांग तयार करणारे फंक्शन ओपनमधून (इंटरफेस चालू होताना दर वेळी चालणाऱ्या फंक्शनमधून) बोलावले आहे आणि गळतीचे मूळ तिथेच आहे. हे फंक्शन रांगेच्या शीर्षाचे पुढचे-मागचे दोन्ही पॉइंटर (मेमरीतील पत्ते) शीर्षाकडेच वळवते आणि लांबी शून्य करते. आधीच्या पॅकेटांना ते हातही लावत नाही. त्यामुळे बंद करताना रांगेत उरलेली पॅकेटे मेमरीत तशीच राहतात आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट तेवढी पुसली जाते.

हे फंक्शन प्रोबमध्ये, म्हणजे उपकरण सापडल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, न्यावे, म्हणजे ते एकदाच चालेल. इंटरफेस बंद करणाऱ्या स्टॉपमध्ये मात्र क्रम सांभाळावा लागतो: आधी नेटिफ_टीएक्स_डिसेबल (नवी पॅकेटे येणे थांबवते), मग कॅन्सल_वर्क_सिंक (वर्कर थांबवते) आणि शेवटी एसकेबी_क्यू_पर्ज (रांग साफ करते). आपला वर्कर (रांगेतली पॅकेटे पार्श्वभूमीवर पाठवणारे काम), हार्डवेअर व्यग्र असल्यास, काढलेले पॅकेट पुन्हा रांगेच्या तोंडाशी ठेवतो; तो थांबण्याआधीच रांग साफ केली, तर साफसफाईनंतर एखादे पॅकेट परत येऊन बसते, आणि अशी क्वचित होणारी गळती शोधणे फार जिकिरीचे असते.

वर्करमध्ये चूक झाल्यावर कोड ज्या वाटेने जातो, तीही तपासावी. एसकेबी_डीक्यू पॅकेट रांगेतून काढते, मोकळे करत नाही. म्हणून डीएमए मॅपिंग (पॅकेटची मेमरी हार्डवेअरला थेट वाचता यावी अशी जोडणी) फसल्यावर नुसते परतू नये, पॅकेट मोकळे करणारे डेव्ह_केफ्री_एसकेबी_एनी बोलवावे. याउलट ट्रान्समिट फंक्शनमधून नेटडेव्ह_टीएक्स_बिझी (आत्ता पाठवता येत नाही, असे सांगणारे मूल्य) परत करत असाल, तर ते पॅकेट मोकळे करू नये, कारण त्याची मालकी अजून कर्नलमधील नेटवर्कच्या वरच्या थराकडेच असते.

पडताळणीसाठी यूडीपीची रहदारी चालू ठेवून इंटरफेस वारंवार बंद-चालू करावा आणि स्लॅबइन्फोमधील (कर्नलने वापरलेल्या मेमरीच्या यादीतील) एसकेबफ_हेड_कॅशे ही पॅकेटांची ओळ पाहावी. टीसीपीने पाठवलेली पॅकेटे बहुधा एसकेबफ_एफक्लोन_कॅशेमध्ये मोजली जातात, त्यामुळे एकच ओळ पाहून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. केमेमलीक हे कर्नलमधील गळती शोधणारे साधन वापरत असाल, तर रांग शाबूत असेपर्यंत ते गप्प राहील, कारण त्याच्या हिशेबी ती पॅकेटे अजून पोहोचण्याजोगी असतात. इंटरफेस पुन्हा चालू झाल्यावरच स्कॅन करावा.