सोलापूरचा पहिला उन्हाळा आणि दिवसभर गेलेली लाईट

भावा, पहिल्यांदाच आलायस ना सोलापुरात, मग ऐक. एप्रिल-मेमध्ये दुपारभर भाजतंय, आणि संध्याकाळी वारं सुटून वळीव आला, त्यात गारा पडल्या, की लाईट गेलीच समज. कधी तासात येते, आमची एकदा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली.

सगळ्यात आधी पाणी बघ. इथं नळाला रोज पाणी नसतं, काही दिवसाआड येतं, आणि नेमकं त्याच दिवशी लाईट नसली तर मोटर बंद, मग टाकी कोरडी आणि बायकोचं तोंड फुगलेलं (अनुभव आहे). म्हणून ढग दिसले की आधी टाकी भर.

इन्व्हर्टरची बॅटरी १५० एएचची (एएच म्हणजे बॅटरीची क्षमता) असेल तर दोन साधे पंखे नि दोन एलईडी सहा-सात तास चालतात. पोरं टीव्ही लावतात, लावू देऊ नको. बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर मार्चमध्येच चेक कर, आम्ही एकदा विसरलो आणि रात्रभर गच्चीवर डास मारत बसलो.

फ्रीज सारखा उघडू नका, बंद ठेवला तर चारेक तास गार राहतो. दूध आधी तापवून संपवा. जेवणाचं टेन्शन नाही, कडक भाकरी नि शेंगाचटणीला कुठं फ्रीज लागतो!

तुटलेली वायर दिसली तर लांबच राहा, वीज कंपनीच्या १९१२ नंबरला फोन लाव. लाईट आल्यावर फ्रीज दहा मिनिटांनी चालू कर.