फणसाचा विठोबा आणि पायाखालचा भुसा

प्रश्न : मेस्त्री, नमस्कार. आमच्या देवघरात सासऱ्यांच्या वडिलांनी करून घेतलेली फणसाच्या लाकडाची विठ्ठल-रखुमाईची जोडी आहे. रंग दिलेला नाही. गेल्या पावसाळ्यापासून विठोबाच्या पायाखाली पिठासारखा भुसा साचतोय, छातीवर उभी चीरही गेलीय. जाऊबाई म्हणतात, मूर्ती भंगली, विसर्जन करा. शेजारचे म्हणतात, जवसाचं तेल चोपडून वर ऑइलपेंट मारा. काय करू?
— एक वाचक, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर : ताई, विसर्जन नको, तेल नको आणि ऑइलपेंट तर मुळीच नको. भुसा आणि चीर ही दोन वेगळी दुखणी आहेत.

वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. मैद्यासारखा मऊ भुसा आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. फणसाचा पिवळा गाभा तो सहसा खात नाही. त्याला सालीलगतचं फिकट लाकूड आवडतं. मूर्ती आडवी करून बैठकीची मागची कड बघा, भोकं बहुधा तिथल्या फिकट पट्ट्यात असतील. मात्र ती भोकं किडा बाहेर पडतानाची असतात, त्यामुळे तो अजून आत आहे की निघून गेला, हे आधी ठरवायला हवं. मऊ ब्रशने सगळा भुसा झाडा, खाली काळा कागद अंथरा आणि महिनाभर मूर्ती हलवू नका. नवा भुसा पडला तर किडा जिवंत आहे.

तसं असेल तर मला औषधापेक्षा थंडी बरी वाटते. मूर्ती प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या, रिकाम्या करून पुसलेल्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका. मूर्ती घरातल्या हवेएवढी उबदार होऊ द्या, नाहीतर गार लाकडावर पाणी धरेल. देवाला असं ठेवायचं म्हणून मन कचरत असेल, तर घरच्या भटजींना विचारून तेवढे दिवस सुपारीवर पूजा करा. रंगवलेल्या मूर्तीला मात्र हा उपाय घरी करू नका, रंगाचे पापुद्रे सुटू शकतात.

आता चीर. लाकूड उंचीत फारसं बदलत नाही, आडवं मात्र फुगतं आणि आकसतं. चैत्रात चीर रुंदावेल, आषाढ-श्रावणात मिटत येईल. तिच्यात इपॉक्सीची लांबी (सुकून टणक होणारी पुट्टी) भरलीत तर पावसाळ्यात लाकडाला फुगायला जागा उरणार नाही आणि शेजारी दुसरी चीर जाईल. ती तशीच राहू द्या. लाकडाच्या अंगच्या चिरेला मी भंगलेली मूर्ती म्हणत नाही.

तेलाने किडा मरत नाही. जवसाचं तेल सुकून काळपट थर होतो, खोबरेल सुकतच नाही. दोन्हींवर निरांजनाची काजळी बसते आणि डोळ्यांची, ओठांची बारीक कोरणी बुजते. ऑइलपेंटने तर कारागिराचा हातच झाकला जातो. आपल्याकडे गावच्या लक्ष्मीची लाकडी मूर्ती यात्रेआधी रंगवतात, पण ती मुळातच रंगासाठी घडवलेली असते.

तुमच्या पत्रात नाही, पण विचारतो : आषाढीला ओली तुळशीमाळ थेट मूर्तीच्या गळ्यात घालता का? खानापूर भागात त्या दिवसांत भिंतींनाही ओल येते, त्यात भिजकी माळ छातीवर दिवसभर राहिली की तेवढ्याच जागी लाकूड फुगतं. माळ कोरडी करून घाला, संध्याकाळी उतरवा. अभिषेक पितळी मूर्तीवर करा, गंध-कुंकू पायाशी वाहा. देवघर भिंतीला टेकलेलं असेल तर मागे चार बोटं जागा सोडा आणि निरांजन हातभर पुढे ठेवा.

आणि भोकांत रॉकेल सोडायचा सल्ला कुणी दिलाच, तर ऐकू नका. शेजारी दिवा असतो.