हिंदी महासागरातलं 'आंतरराष्ट्रीय सहकार्य' म्हणजे नुसत्या परिषदा का? आणि पुणेकराला त्याचं काय?

परिषदा पुष्कळ होतात, हे खरंच आहे. तुम्ही विचारलंय की त्यातून ग्रुप फोटो सोडून काय निघतं, आणि समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत, घाटावर राहणाऱ्या माणसाने त्याची फिकीर का करावी. मी मर्चंट नेव्हीत होतो, आता कोथरूडला असतो. परिषदांचं मला सांगता येणार नाही. शिपवरून जेवढं दिसलं, आणि नंतर कुतूहलापोटी वाचलं, तेवढं सांगतो.

सेकंड मेट (जहाजावरचा एक अधिकारी) असताना वॉचवर, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीत, एक काम असायचं, ज्याचा कुणालाच उत्साह नसे: हवामानाची नोंद. वारा कुठून आणि किती, हवेचा दाब, समुद्राच्या पाण्याचं तापमान, ढग, लाटा. यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, ००, ०६, १२ आणि १८ वाजता. हे सगळं सांकेतिक आकड्यांत बसवून सॅटेलाइटवरून पाठवायचं. याचे पैसे कुणी देत नाही. जागतिक हवामान संघटनेच्या योजनेत जगभरची व्यापारी जहाजं हे स्वखुशीने करतात, झेंडा कुठल्याही देशाचा असो. आपल्याकडे बंदरातली हवामान खात्याची कचेरी शिपला उपकरणं देते. भरलेल्या नोंदवह्या शेवटी कुठे येतात? पुण्यात शिवाजीनगरला, हवामान खात्याच्या ज्या कचेरीला आपण सिमला ऑफिस म्हणतो तिथे. पुण्याचा समुद्राशी संबंध इथपासून आहे.

या नोंदी खुल्या असतात, म्हणजे कुठली शिप कुठे आहे हेही खुलं. सोमाली चाचे जोरात असताना हीच गोष्ट अडचणीची झाली. जहाजाची ओळख झाकून नोंद पाठवण्याची सोय करावी लागली, आणि बऱ्याच शिप तो भागच टाळायला लागल्या. रेलिंगला काटेरी तारा, डेकवर पाण्याचे पाइप लावून ठेवलेले, रात्री दिवे कमी. अशा वेळी ढग किती आहेत हे मोजायला डोकं ठिकाणावर कुणाचं असणार? २०१० मध्ये चाच्यांच्या धोक्याचं म्हणून जाहीर केलेल्या क्षेत्राची पूर्व सीमा ७८ अंश पूर्व रेखांशावर नेली. कन्याकुमारी साधारण त्याच रेखांशावर येते. म्हणजे अख्खा अरबी समुद्र आत आला. ती सीमा ६५ अंशांपर्यंत मागे यायला २०१५ चा डिसेंबर उजाडला.

सोमालियासमोरच्या पट्ट्यातून जहाजांच्या नोंदी त्या काळात जवळजवळ आटल्या. आता तो पट्टा कुठला, ते बघा. जून ते सप्टेंबर केनिया-सोमालियाच्या बाजूने एक जोरदार वारा विषुववृत्त ओलांडतो, उजवीकडे वळतो आणि सह्याद्रीवर येऊन धडकतो. त्याला सोमाली जेट म्हणतात. ताम्हिणीत आणि खडकवासल्याच्या वरच्या डोंगरांत जो पाऊस पडतो, त्याचं बरंचसं बाष्प हाच वारा आणतो. (जुलैत सोमालियाजवळच्या सोकोत्रा बेटावरून जाणं हा काय प्रकार असतो हे गेलेल्यालाच माहीत. चाचेसुद्धा त्या दिवसांत घरी बसायचे, त्यांच्या छोट्या होड्या टिकत नसत.) म्हणजे जिथली नोंद आपल्याला सगळ्यात जास्त हवी, नेमकं तिथेच भगदाड पडलं.

मग ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये चक्क नौदलांना साकडं घातलं. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्या नौदलांनी त्या भागात आर्गो फ्लोट सोडायला मदत केली. आर्गो फ्लोट म्हणजे माणसाच्या उंचीचं, नळकांड्यासारखं उपकरण. १,००० मीटर खोलीवर वाहत राहतं, दर १० दिवसांनी २,००० मीटरपर्यंत बुडी मारून वर येतं आणि वाटेतलं तापमान-क्षारता पाठवून देतं. जगात सुमारे ४,००० आहेत, तीसेक देश मिळून ते सोडतात, आणि डेटा सगळ्यांना फुकट.

त्याच काळात एडनच्या आखातात भारत, चीन आणि जपान यांची नौदलं व्यापारी जहाजांच्या ताफ्यांचं वेळापत्रक आपसांत ठरवत होती. सीमेवर काय चाललंय याचा तिथे काही संबंध नव्हता. माझ्या मते हे जमलं, कारण काम छोटं आणि नेमकं होतं, आणि कुणाला आपली हद्द सोडायची नव्हती. 'सामरिक भागीदारी' वगैरे नाव दिलं असतं तर अजून मसुद्यावर चर्चा चालली असती.

घाटावरच्या माणसासाठी २०१९ आठवा. जून संपताना देशात सरासरीपेक्षा ३३ टक्के पाऊस कमी होता. पुढे हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा चांगलाच तापला (याला इंडियन ओशन डायपोल म्हणतात) आणि हंगाम संपला तो सरासरीच्या ११० टक्क्यांवर. यात डायपोलचा मोठा हात मानला जातो. २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते सहकारनगरवाल्यांना सांगायला नको. त्या एका रात्रीचं खापर मी डायपोलवर फोडणार नाही, ओढ्याकाठी आपण जे बांधून ठेवलंय त्याचाही वाटा आहेच. पण हंगाम कुठे चाललाय हे आधी कळायचं तर पाण्याखालचं तापमान लागतं, आणि ते आर्गोकडून किंवा भारत-अमेरिकेने मिळून समुद्रात नांगरलेल्या रामा बॉयांकडून (तरंगत्या उपकरणांकडून) येतं. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेतलं, मॉन्सूनचा अंदाज वर्तवणारं मॉन्सून मिशनचं मॉडेलसुद्धा मुळात अमेरिकेच्या सीएफएस या मॉडेलवर उभं आहे. इथल्या लोकांनी ते मॉन्सूनसाठी घडवलं.

अडतं कुठे, तेही सांगतो. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या आत संशोधन करायचं तर त्या देशाची परवानगी लागते, अर्ज सहा महिने आधी, आणि मोजमापाच्या नावाखाली हेरगिरी होईल ही शंका सगळ्यांनाच असते, आपल्यालाही. बॉयांखाली मासे जमतात, म्हणून मच्छीमार त्यांना बोटी बांधतात आणि उपकरणांचं नुकसान होतं. गंमत म्हणजे मासे कुठे सापडतील हे त्याच मच्छीमारांना हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी सागरी माहिती संस्था समुद्राच्या मोजमापांवरूनच कळवते. आणि आर्गोचे निम्म्याच्या आसपास फ्लोट एकटी अमेरिका सोडते. वॉशिंग्टनमध्ये बजेटला कात्री लागली की अरबी समुद्रातले आकडे विरळ होणार. मला चाच्यांपेक्षा याची धास्ती जास्त वाटते. आपण आपल्या भागातले फ्लोट वाढवायला हवेत. एका नव्या युद्धनौकेच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

आर्गोचा नकाशा इंटरनेटवर कुणालाही बघता येतो. अरबी समुद्रावरच्या एखाद्या ठिपक्यावर क्लिक करा, तो फ्लोट कुणाचा आणि शेवटचा वर कधी आला ते दिसेल. सोमालियासमोर किती ठिपके आहेत, तेही मोजा.