पैसा कुणाचा, पोहायचं कुणी?

"मॅडम, तिकडची कॉलेजं आता खेळाडूंना पैसे देतात. मग हिनं नाही का म्हणायचं?" परदेशी शिक्षणाबद्दल माझा सल्ला घ्यायला आलेल्या बाबांनी बसता बसताच विचारलं. लेक बारावीत, राज्य पातळीवर पोहणारी. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या प्रशिक्षकांची ईमेल आली होती आणि पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. मुलगी मात्र गप्प.

बाबांनी वाचलेलं खरं होतं. जून २०२५मध्ये तिथल्या न्यायालयानं कॉलेज खेळाडूंच्या दाव्यातली तडजोड मंजूर केली आणि २०२५-२६ या वर्षासाठी विद्यापीठांना सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना वाटायची मुभा मिळाली. पण हा पैसा येतो मुख्यतः अमेरिकन फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलमधून, आणि जातोही बराचसा तिकडेच. पोहण्याचे संघ सहसा कमवत नाहीत. शिवाय ही जाणार विद्यार्थी व्हिसावर. त्यात कमाईवर कडक बंधनं. बाबांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण हे विमानात बसण्याआधी कळलेलं बरं.

तिच्यासाठी मोलाची आहे ती शिष्यवृत्ती. पूर्ण की थोडी, किती वर्षांची, दुखापत झाली तर काय, हे लेखी मागवा, म्हटलं. तिथल्या कॉलेज-खेळांच्या संघटनेनं (एनसीएए) कॉलेजांचे तीन विभाग केलेत; त्यातल्या तिसऱ्या विभागातली कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मग बाबांना बाहेर बसवलं आणि तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. हंगामात सरावाची मर्यादा आठवड्याला २० तास. प्रवास त्यात धरत नाहीत, आणि स्पर्धेचा अख्खा दिवस ३ तासच मोजतात. "मांड तुझा आठवडा." तिला जीवशास्त्र शिकायचंय. दुपारचं प्रॅक्टिकल आणि दुपारचा सराव एकाच चौकटीत आले, तशी तिची पेन्सिल थांबली.

"ताई, पोहायला मला आवडतं. पण प्रॅक्टिकल सोडून नाही. बाबा सहा वर्षं पहाटे साडेचारला उठून मला तलावावर सोडतात. त्यांना कसं सांगू?"

तेच सांग, म्हटलं, आणि त्यांना आत बोलावलं. तिनं सांगितलं. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे आधी का नाही बोललीस गं?"

प्रशिक्षकांना पाठवायचे प्रश्न आम्ही तिथेच लिहिले. पहिला प्रॅक्टिकलचा, तो तिनं लिहिला. पैशांचा प्रश्न बाबांनीच चौथ्या क्रमांकावर टाकला.